जामिनाचं प्रकरण आधी लिही

अंबाजोगाई

चि. ऋतुजास अनेक आशीर्वाद.

देशोदेशीच्या शिक्षांची तुलना करणारा तुझा प्रबंध रात्री वाचून काढला. नॉर्वेत 77 जणांचा जीव घेणाऱ्या ब्रेविकला 2012 मध्ये 21 वर्षांचीच शिक्षा झाली, यावर वर्गात वादावादी झाली म्हणतेस. पण तो धोकादायक आहे असं वाटलं, तर कोर्ट ती मुदत वाढवत नेऊ शकतं. ते वाक्य घाल, म्हणजे निम्मा वाद मिटेल.

बाकी माझं म्हणणं निराळं आहे. देशादेशांची तुलना शिक्षेवरून मांडू नकोस. गुन्हा शाबीत होण्याआधी माणसाचं काय होतं, ते बघ. आपल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन कैदी कच्चे आहेत गं, म्हणजे खटल्याचा निकालच न लागलेले.

सध्या माझ्याकडे एका ऊसतोड कामगाराचं प्रकरण आहे. आरोप चोरीचा. पंधरा हजारांचा जामीन मंजूर झालाय, पण जामीनदाराचा सातबारा पाहिजे, तहसीलचा ऐपत दाखला पाहिजे. भावकी सगळी टोळीबरोबर कर्नाटकात कारखान्यावर. मागे राहिलेल्या म्हातारीच्या नावावर गुंठाभर रान नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात ती आधार कार्ड पुढं करून विचारत होती, "वकीलबाई, ह्याच्यावर भागंल का?" पोरगं अजून आतच आहे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अटी सैल करण्याचा विचार कोर्टाने स्वतःहून करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. तोच आदेश जोडून अर्ज देतेय.

अमेरिकेत पैसे घेऊन जामीन राहणं हा धंदाच आहे. जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के घेतात, ते परत मिळत नाहीत. इलिनॉय राज्याने मात्र सप्टेंबर 2023 पासून पैशांचा जामीनच बंद केला. माणूस पळून जाईल का, कुणाला त्याच्यापासून धोका आहे का, हे तिथं बघतात. खिसा बघत नाहीत. जपानमध्ये दोषारोपाआधी 23 दिवसांपर्यंत कोठडी, तोवर जामीन नाही, आणि चौकशीत शेजारी वकील बसवण्याचा हक्कही नाही. 1966 मध्ये पकडलेल्या इवाओ हाकामादाने अशाच चौकशीत कबुली दिली, फाशीची शिक्षा झाली, आणि 2024 मध्ये तो निर्दोष ठरला. त्याच्यावर तू एकच ओळ लिहिलीस. निदान दोन पानं लिही, माय.

इलिनॉयच्या कायद्याची प्रत मिळाली तर लगेच पाठव. तिथले न्यायाधीश कोणते निकष लावतात, ते मला अर्जाच्या सुनावणीआधी वाचायचंय.

तुझी,
आई