फेरेटला ‘रात्रभर उपाशी ठेवा’ सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईत दवाखान्याच्या पाटीवर ‘सर्व पाळीव प्राण्यांवर उपचार’ असं लिहिलेलं असतं. आत गेल्यावर ‘सर्व’ म्हणजे कुत्रा आणि मांजर, हे कळतं. संध्याकाळच्या द्रुतगती मार्गावर दीड तास काढून फेरेट आणणाऱ्याला दारातच ‘आम्ही मुंगूस बघत नाही’ हे ऐकावं लागतं. (फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला छोटा पाळीव प्राणी. मुंगूस पाळणं बेकायदा आहे, तेव्हा हा घोळ लवकर मिटलेला बरा.)

या प्राण्याचं वजन किलो-दीड किलो आणि आतडं आखूड. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. म्हणून निघण्याआधी फोन करा आणि आधी हे विचारा: भूल द्यायची झाली तर किती तास उपाशी ठेवायचं? ‘रात्रभर’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. फेरेटला तीन-चार तास पुष्कळ होतात, साखर उतरायचा आजार असेल तर तेवढेही जड जातात. दुसरा प्रश्न: गॅसने भूल द्यायची सोय आहे का? कारण तपासणीसाठी रक्त बहुधा छातीजवळच्या मोठ्या शिरेतून काढतात आणि वळवळणाऱ्या फेरेटवर ते जमणं कठीण. किलोभराच्या फेरेटमध्ये रक्त असतं ५०-६० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाएवढं; चार वेळा सुई टोचून बघू, असं इथे चालत नाही.

तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडाच्या गाठीमुळे साखर घसरणं बरंच आढळतं. फेरेट शून्यात बघत बसतं, लाळ गळते, पुढच्या पंजांनी तोंड खरवडतं, मागचे पाय ओढत चालतं. पायांकडे बघून ‘पाठीला लागलं असेल’ म्हणत मालीश सुरू होते आणि वेळ जातो. अशा वेळी मध बोटावर नको (झटका आला तर ते चावतं), कानाच्या काडीवर घेऊन हिरड्यांना चोळा. शुद्धीवर आलं, गिळू लागलं की उकडलेल्या चिकनची पेस्ट द्या. मधावर मध देत राहिलात तर गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि साखर पुन्हा कोसळते. उपाशीपोटी रक्तात डेसिलिटरमागे ६० मिलिग्रॅमच्या खालचा आकडा संशयास्पद. मात्र आजीच्या ग्लुकोमीटरवर फेरेटची साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते, तेव्हा त्यावर निदान ठरवू नये.

नर फेरेट मातीच्या ट्रेमध्ये कुंथत बसलं की घरोघरी बद्धकोष्ठ समजून तूप पाजतात. आधी ट्रे ओला आहे का बघा. शेपटीपासून केस गळत आलेले असतील तर मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या आजाराने प्रोस्टेट सुजून लघवी अडलेली असू शकते. ही त्याच दिवशीची तातडी आहे. दुसरी तातडी रबराची. चपलेचा अंगठा, इअरफोनची टोपी, खोडरबर, सोफ्यातला फोम हे सगळं फेरेट चघळतं आणि गिळतं. आतडं अडलं तरी ते दर वेळी उलटी करत नाही. दात खातं, जेवण सोडतं, शी पेन्सिलीसारखी बारीक होते. डांबरासारखी काळी शी दिसली तर आत रक्तस्राव आहे असं धरून निघा आणि शीचा नमुना डबीत घ्या. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका, तिचा कणही विषारी ठरू शकतो.

प्रवासाचं सांगायचं तर पारा ३० अंशांच्या पुढे गेला की फेरेटला उष्माघात होऊ शकतो, आणि मुंबईत मे किंवा ऑक्टोबरात दुपारी रिक्षाने नेणं म्हणजे तेच. एसी टॅक्सी करा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली मांजराच्या पिंजऱ्यात एका बाजूला ठेवा. तापलेल्या फेरेटच्या पंजांना आणि पोटाला नळाचं पाणी लावायचं, बर्फाचं नाही. सोबत खाण्याची पेस्ट, लसीचा कागद आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं आजचं वजन असू द्या. औषधाची मात्रा त्या वजनावरच ठरते. तुम्हालाच फ्लू असेल तर मास्क लावा, माणसाचा फ्लू फेरेटला होतो.

लसीच्या कागदाचं आणखी एक. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार फेरेटला झाला तर ते जवळपास कधीच वाचत नाही. पण कुत्र्याची कुठलीही लस टोचली असंही चालत नाही. काही जिवंत (दुबळा केलेला विषाणू असलेल्या) लशींमधूनच फेरेटला तो आजार होतो. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं.

परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या या शहरात फेरेट तपासणाऱ्या डॉक्टरांची विभागवार यादी तयार करणं अवघड नसावं. तोवर दवाखान्यांनी निदान पाटीवर काय बघतो ते नेमकं लिहावं. दुकानदारांनी विकताना वय, नसबंदी आणि लस यांची चिठ्ठी द्यावी. नसबंदी न झालेली मादी माजावर राहिली तर रक्तक्षयाने मरू शकते, हेही त्याच चिठ्ठीवर छापावं.

– एक पशुवैद्यक, दादर