दिव्याने लोह जात नाही: पुणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका

महोदय,

2021 साली हद्दीत आलेल्या गावांत अजून बरीच भिस्त बोअर आणि टँकरवर आहे. तिथल्या संयंत्रांसाठी ‘अतिनील प्रकाशाने लोह-मँगनीजचे ऑक्सिडीकरण’ असा प्रस्ताव टेबलावर आला, तर सहीपूर्वी एवढे पाहावे.

दावा अगदीच खोटा नाही. पाण्यात विरघळलेले फेरस लोह जंतुनाशक दिव्याचा 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषून फेरिक, म्हणजे न विरघळणारे, होऊ शकते. पण पाणी दिव्यासमोर असते काही सेकंद. जे थोडे फेरिक होते, ते पाण्यातून जात नाहीच. तांबूस थर होऊन दिव्यावरच्या क्वार्ट्झच्या नळीवर बसते. नळी गरम असल्याने थर आणखी लवकर धरतो. मग प्रकाश पाण्यात शिरत नाही, जंतू जिवंत राहतात आणि दिवा मात्र चालू दिसतो. म्हणून दिव्याआधी लिटरला लोह 0.3 आणि मँगनीज 0.05 मिलिग्रॅमच्या आत हवे. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लोहाची मर्यादा 1 मिलिग्रॅम आहे, म्हणजे ‘मानकात बसणारे’ पाणीही नळी खराब करते!

उन्हाचा उपयोग तर त्याहून कमी. 290 नॅनोमीटरखालच्या तरंगलांबीचा प्रकाश जमिनीपर्यंत जवळपास पोचतच नाही. लिंबाचा रस घालून बाटली उन्हात ठेवण्याची पद्धत बांगलादेशात तपासली गेली ती आर्सेनिकसाठी. त्यात लोह हे आर्सेनिक काढण्याचे साधन असते.

लोहाच्या ऑक्सिडीकरणाला हवा पुरते: 1 मिलिग्रॅम लोहाला 0.14 मिलिग्रॅम ऑक्सिजन. पीएच 7 च्या वर काम मिनिटांत होते, 6 ला तास लागतात. मँगनीज हट्टी. पीएच 9 च्या खाली ते हवेला दाद देत नाही; मिलिग्रॅममागे 1.3 मिलिग्रॅम क्लोरीन आणि मँगनीज डायऑक्साइडचा थर असलेली वाळू लागते. परमँगनेट वापरल्यास 1.9 मिलिग्रॅम, हात सैल सुटला की पाणी गुलाबी. तेव्हा क्रम असा: हवा मिसळायला फवारा, क्लोरीन, वाळूचा फिल्टर आणि त्यानंतरच दिवा.

तपासणीसाठी पाण्याचा नमुना बोअरवरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून नायट्रिक आम्लाने पीएच 2 खाली आणावा. नाहीतर लोह वाटेतच बाटलीच्या तळाला बसते आणि अहवालात ‘विरघळलेले लोह आढळले नाही’ असे येते.

निविदेत फिल्टरनंतरचे लोह-मँगनीजचे आकडे आणि दिव्याला प्रकाशतीव्रता मोजणारा सेन्सर सक्तीचा करावा. हे दोन्ही तपासल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

आपले,
जलशुद्धीकरणात काम करणारे काही अभियंते व रसायनतज्ज्ञ, पुणे