दोष मळीचा धरा, कॉलमचा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला स्कॉच व्हिस्कीवरचा लेख वाचला. तांब्याची भांडी, ओकची पिंपं, डोंगरातले झरे, सगळं झकास. पण ‘कॉलममधून काढलेली ती कसली व्हिस्की!’ या वाक्याला अडखळलो. (कॉलम म्हणजे दारू गाळायचा उंच उभा मनोरा.) साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून ३१ वर्षं मी कॉलमशेजारीच काढली. गळ्यात माळ असल्यानं थेंब चाखला नाही, पण नाक तयार झालं. स्पिरिटमध्ये अल्डिहाइड हे रसायन जास्त आलं की कच्च्या सफरचंदासारखा वास मारतो. रिपोर्ट येण्याआधी मी सांगायचो.

लेखात ज्या बाटल्यांचं कौतुक आहे त्या बहुतेक ब्लेंडेड, म्हणजे माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची) आणि ग्रेन (मका-गहू अशा धान्यांची) या व्हिस्कींचं मिश्रण आहेत. ब्लेंडमध्ये सहसा माल्टपेक्षा ग्रेन व्हिस्की जास्त, आणि ग्रेन येते कॉलममधून. तांब्याच्या भांड्याचं काम भज्यांच्या घाण्यासारखं, एक काढायचा, दुसरा सोडायचा. कॉलमला वरून वॉश (आंबवलेलं पाणी), खालून वाफ, की रात्रंदिवस चालू. याचं पेटंट १८३० मध्ये घेणारा एनिअस कॉफी आयर्लंडमधला एक्साइजचा (दारूवरच्या कराच्या खात्याचा) एकेकाळचा बडा अधिकारी. आमच्याकडे एक्साइजचे साहेब सील तपासायला यायचे. या साहेबानं यंत्रच नवं काढलं!

१८७७ मध्ये स्कॉटलंडच्या सखल भागातले सहा ग्रेनवाले एकत्र आले आणि डिस्टिलर्स कंपनी उभी राहिली. फाइफमधली हेग यांची कॅमेरॉनब्रिज त्यातलीच. लेखात या कंपनीचं नावही नाही. खरा तमाशा १९०५-०६ चा. लंडनच्या इस्लिंग्टन भागात दुकानदारांवर खटला झाला, की ग्रेन स्पिरिटला व्हिस्की म्हणून विकता. मॅजिस्ट्रेटनं त्यांना दोषी धरलं. कंपनीनं काय करावं? आपल्या कॅम्बस डिस्टिलरीची निव्वळ ग्रेन व्हिस्की बाटलीत भरून बाजारात आणली. जाहिरात अशी, की गॅलनभरातही डोकेदुखी नाही! शेवटी रॉयल कमिशन बसलं आणि १९०९ मध्ये त्यानं सांगितलं, धान्य हवं, त्याची साखर माल्टमधल्या डायस्टेज या एन्झाइमनं व्हायला हवी. भांडं की कॉलम, यावर अडवणूक केली नाही. १९२५ मध्ये जॉन वॉकर आणि ब्युकॅनन-ड्युअर हे ब्लेंडेडवालेही याच कंपनीत आले. म्हणजे लेखातली निम्मी लेबलं एकेकाळी कॉलमवाल्यांच्याच घरची. १९८६ मध्ये बिअरवाल्या गिनेसनं ती अख्खी कंपनीच घेतली.

कमिशनच्या याच व्याख्येनं आमचं, साखर काढून उरलेल्या मळीचं स्पिरिट व्हिस्की ठरत नाही, हे मला मान्य आहे. ते कितीही रंगवलं तरी धान्य होत नाही. तेवढा दोष मळीचा धरा, कॉलमचा नको.

लेखकांनी गाळपाच्या हंगामात एकदा आमच्या भागात यावं, कॉलम दाखवतो. कपडे मात्र जुने घालावेत. स्पेंट वॉशचा (दारू काढून उरलेल्या सांडपाण्याचा) वास दोन धुण्यांत जात नाही.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट,
कोपरगाव