वजनकाट्याचा निर्णय कोणाचा?

संपादक महोदय,
८ मार्चच्या पुरवण्यांत डॉ. आनंदीबाई जोशींचे छायाचित्र हमखास असते. त्याला हरकत नाही. पण १८८६ साली पदवी घेतलेल्या आनंदीबाई पुढच्याच फेब्रुवारीत गेल्या. सुरत आणि राजकोट येथे वर्षानुवर्षे रुग्णालयाचा कारभार हाकणाऱ्या डॉ. रखमाबाई मात्र दोन ओळींत आटोपतात. पहिली कोण, याचे आपल्याला भारी कौतुक; खुर्चीवर बसून निर्णय कोणी घेतले, हे कोणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, वरिष्ठ पदांवर मात्र जेमतेम २५ टक्के.

गावपातळीवर याचा अर्थ काय होतो, ते नवजात बाळाच्या गृहभेटीत दिसते. दवाखान्यात बाळंतपण झाले, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जातात. सहा भेटींचे मिळून २५० रुपये! स्प्रिंगचा काटा असेल, तर आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचे आणि आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा. झोळी वजा करायची राहिली, तर १,७०० ग्रॅमचे बाळ कागदावर १,८५० ग्रॅमचे होते. १,८०० ग्रॅमच्या आतल्या बाळाला विशेष नवजात काळजी कक्षात दाखल करावे लागते. पण चुकीच्या आकड्यामुळे ते घरीच राहते. श्वास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे आणि तेवढेच आले, तर लगेच दवाखान्यात पाठवायचे. थर्मामीटरचा सेल संपला, काट्याची स्प्रिंग ढिली झाली, की मागणी आरोग्य केंद्रातून तालुक्याला जाते आणि तिथेच मुरते. तोवर रकाने मात्र रिकामे ठेवायचे नाहीत, ही अपेक्षा असतेच.

गृहभेटींची ही पद्धत गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने उभी केली. तिथे गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रिया जंतुसंसर्ग ओळखून स्वतः जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. देशभराच्या योजनेत भेटींचे वेळापत्रक आले, फॉर्म आले. आशाच्या हातातले इंजेक्शन तेवढे गळाले. काम उचलले, अधिकार मागेच राहिला. सुरक्षिततेची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर प्रशिक्षण आणि देखरेख हे होते.

बढतीचीही तीच गत. आशा होण्यासाठी दहावी पुरते, पण एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी लागते. मग प्रवेशात प्राधान्य दिले, तरी लेकरेबाळे घरी टाकून वसतिगृहात राहणार कोण? बारावीची परीक्षा आणि जवळचे प्रशिक्षण केंद्र, दोन्हींची सोय हवी.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत, म्हणजे केंद्राचा कारभार पाहणाऱ्या समितीत, आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकेला मतासह जागा द्यावी. सेल, काटे, झोळ्या यांची स्थानिक खरेदी तिच्या सहीने व्हावी. आणि आशाने चिठ्ठी देऊन पाठवलेल्या बाळाचे पुढे काय झाले, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून तिला परत कळवावे. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर निधीही लागत नाही.

– एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, यवतमाळ