ऑफर लेटर आलं, तारीख आली नाही

महोदय,

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं लेथवर काढून मी आता वडगावात घरी असतो. धाकटी मुलगी २०२३ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. कॅम्पसमधून साडेतीन लाखांचं ऑफर लेटर आलं तेव्हा गल्लीभर कुंदा वाटला. जॉइनिंगची तारीख मात्र येईना. रोज सकाळी ती मोबाइलवर मेल बघायची आणि मी चहा ढवळत तिच्या तोंडाकडे. शेवटी दीड वर्षानं पुण्यात एका छोट्या कंपनीत लागली. पगार विचारू नका.

२०२१-२२ मध्ये परदेशी कामं धो धो आली, आयटी कंपन्यांनी मिळेल त्याला घेतलं. मग अमेरिकेत व्याजदर वाढले, तिकडच्या गिऱ्हाइकांनी हात आखडला. २०२३-२४ या एकाच वर्षात टीसीएस, इन्फोसिस, विप्रो मिळून माणसं सुमारे ६४ हजारांनी घटली. आमच्या शेजारच्या फाउंड्रीत ऑर्डर थांबली की भट्टी थंड करायचे. चार वर्षांच्या पदवीला ती सोय कुठली? २०२१ ची तेजी बघून आत गेलेलं पोर २०२५ ला बाहेर पडतं. वर २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या कॉलेजांना जागांवरची मर्यादाही उठवली!

प्रवेशाच्या दिवसांत किती पोरांना ऑफर मिळाल्या याचे कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. त्यातली किती प्रत्यक्ष कामावर रुजू झाली, तो आकडाही त्याच फ्लेक्सवर, त्याच अक्षरात छापायला लावा, एवढीच मागणी.

– एक निवृत्त टर्नर, वडगाव, बेळगाव