तट जागेवर ठेवला, बेत हलवला

महोदय,

स्वीडनच्या संसदेला गाड्या लावायला जमिनीखाली जागा हवी होती. म्हणून १९७८ साली स्टॉकहोममधल्या हेल्गेआन्सहोल्मेन या बेटावर खोदाई सुरू झाली आणि हाती लागलं जुनं शहर. तटबंदी, अकरा होड्या, दफनभूमीतले हजारावर सांगाडे! १९८०पर्यंत उत्खनन चाललं. वाहनतळाचा मूळ बेत मागे पडला, तट होता तिथेच राहिला आणि १९८६ साली त्याच खड्ड्यात मध्ययुगीन स्टॉकहोमचं संग्रहालय उघडलं.

मुलीकडे गेलो असताना ते बघून आलो. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात, नळ आणि चेंबरमध्ये गेली. त्यामुळे संग्रहालय म्हटलं की ढाल-तलवारींपुढे मी फार रेंगाळत नाही. इथे मात्र जावयाला दोनदा परत येऊन मला हाक मारावी लागली. नॉर्ब्रो पुलाखालून आत शिरलं की थोड्याच वेळात तो तट समोर येतो. १५३०च्या दशकातला, ओबडधोबड दगडांचा, जागचा न हललेला. त्याच्याभोवती विटांची घरं, बंदर, मठ, एवढंच काय, फाशीची टेकडीसुद्धा उभी केली आहे. शहर म्हणजे नुसते राजवाडे नव्हेत, हे तिथे पाटी न वाचताही कळतं.

हे शहर व्यापाऱ्यांचं. लोखंड, तांबं इथून बाहेर जायचं. जर्मन व्यापाऱ्यांचं वजन इतकं, की नगरपरिषदेतल्या निम्म्या जागा कायद्यानेच जर्मनांच्या होत्या. १४७१मध्ये ती तरतूद रद्द झाली. १४७४पासूनची परिषदेची दप्तरंही टिकून आहेत: घरांची खरेदी-विक्री, भांडणं, दंड. सरकारी कागद सांभाळून ठेवण्याचं महत्त्व आमच्या खात्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, आणि ते किती सांभाळले जातात हेही नको!

आता पुण्याचं. आपलं केळकर संग्रहालय मला मनापासून आवडतं. अडकित्ते, दिवे, फण्या, रोजच्या वापरातलं काय नाही तिथे? कोथरूडचा मस्तानी महालही तिथे आणून उभा केला, म्हणून तो वाचला. पण वस्तू उचलून आणता येतात, शहराचं पोट कसं आणणार? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, तेही पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या जोरावर. वाटेत हवा सुटावी आणि गाळ बसावा म्हणून उच्छ्वास नावाची छोटी बांधकामं उभारली. हे काम अठराव्या शतकातलं, मध्ययुगीन म्हणता येणार नाही. पण शहर कसं जगत होतं ते याहून चांगलं कशातून दाखवणार? आज त्या उच्छ्वासाशेजारी स्कूटर लावणाऱ्या माणसाला ते काय आहे हे ठाऊक नसतं. कसं असणार, कुणी सांगितलंच नाही.

रस्ता खणताना जुनं बांधकाम लागलं की ठेकेदाराच्या पोटात गोळा येतो, काम थांबेल म्हणून. रात्रीतून त्यावर काँक्रीट पडलेलं मी पाहिलं आहे. २०१९मध्ये मेट्रोच्या खोदाईत स्वारगेटला जुनं भुयार आणि मंडईत मोठ्या प्राण्यांची हाडं सापडली, तेव्हा चार दिवस बातम्या आल्या. मेट्रो थांबवा, असं मी मुळीच म्हणत नाही. म्हातारपणी माझी सोय त्यातच आहे. पण मंडई स्थानकाच्या एका भिंतीवर कात्रज ते शनिवारवाडा या जलवाहिनीचा मोठा नकाशा लावायला हरकत कसली? वाहिनीचा शाबूत तुकडा जिथे असेल तिथे वर जाड काच बसवावी, आत दिवा सोडावा आणि मराठीत चार ओळींची पाटी लावावी. काच पुसायला माणूसही नेमावा, नाहीतर महिनाभरात तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक लागेल.

— एक निवृत्त अभियंता, नारायण पेठ, पुणे