अहो, ते कडियाळं आहे, जोखड नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नागपूरजवळच्या माहुरझरीच्या उत्खननावर अख्खं पान दिलंत, बरं वाटलं. पण फोटोखाली 'घोड्याचे लोखंडी जोखड' वाचलं आणि चहा बशीत सांडला. जोखड बैलाच्या मानेवर असतं हो! घोड्याच्या तोंडात देतात ते कडियाळं.

आमचे आजोबा सीताबर्डीला टांगा हाकत. हिवाळ्यात पहाटे कडियाळं गारठलेलं असे, घोडी दात मिटून मान फिरवायची. मग आजोबा ते लोखंड काखेत दाबून बिडी संपेपर्यंत उभे राहत आणि नंतर दाढेपुढच्या मोकळ्या हिरडीवर अंगठा दाबत. तोंड आपोआप उघडायचं. ते कडियाळं आजही आमच्या खुंटीला आहे. तुमच्या फोटोतल्याच्या शेजारी ठेवलं, तर टांगेवाल्याला कोणतं आपलं हे क्षणभर कळणार नाही. मध्ये अडीच हजार वर्षं गेलीत म्हणे.

पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी 1970-72 मध्ये तिथली शिळावर्तुळं, म्हणजे दगडांच्या वर्तुळातली प्राचीन दफनं, खणली. घोड्याची हाडं निघाली, कडियाळी निघाली, तांब्याच्या पत्र्याची शिरोभूषणं निघाली. 'ही बहुधा बाहेरून आली असावीत,' हे तुमच्या लेखकाचं वाक्य. का बुवा? त्याच जिल्ह्यात नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, ती काय शोभेला होती?

लेखासोबतचं चित्र तर बघवत नाही. स्वाराचे पाय ऐटीत रिकिबीत! लोखंडी रिकीब यायला अजून हजारेक वर्षं होती. चित्रकार चौकातला पुतळा बघून आला असावा.

एकट्या तुम्हाला तरी का बोलू? मागे नातवाला एका संग्रहालयात नेलं. कपाटात असंच कडियाळं, खाली चिठ्ठी 'लोखंडी वस्तू'. राखणदाराला म्हटलं, नाव तरी नीट लिहा. तो म्हणाला, "काका, लोखंडच आहे नं ते!" नातू हसला. मी नाही हसलो.

दुरुस्ती छापाल, ही विनंती. पान सातवर कोपऱ्यात नको.

कळावे,
एका टांगेवाल्याचा नातू, नागपूर

ता. क. : शब्दकोड्याची उत्तरं सलग दोन सोमवार आलेली नाहीत. तेवढी जागा पलंगाच्या जाहिरातीला गेली.